तीनदा बाजारात आलेलं गाणं

19 ऑक्टोबर 1985 या तारखेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर 'टेक ऑन मी' होतं. गाणारे तिघं नॉर्वेचे: मॉर्टन हार्केट, मॅग्ने फुरुहोलमेन आणि पॉल वॉक्टार. बँडचं नाव आ-हा. नॉर्वेच्या कुठल्याही कलावंताला अमेरिकेत हा मान त्याआधी मिळाला नव्हता.

हेच गाणं 1984 मध्ये सिंगल म्हणून निघालं होतं. मायदेशी ते बऱ्यापैकी चाललं, पण ब्रिटनमध्ये 137 व्या क्रमांकाच्या वर सरकलं नाही. मग ते नव्यानं रेकॉर्ड करून पुन्हा काढलं, तर ब्रिटिशांनी त्याही वेळी पाठ फिरवली. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा मात्र ब्रिटनमध्ये दुसरा क्रमांक आणि अमेरिकेत पहिला. चाल तीच, गळा तोच, माणसंही तीच.

यावरून पुण्यातल्या एका घरात मामा-भाचीचं बराच वेळ वाजलं. मामांची हयात की-बोर्डवर गेली. आधी ऑर्केस्ट्रा, मग सिनेमा-नाटकांच्या रेकॉर्डिंगला पीस वाजवणं, पुढं स्वतःचं संगीत संयोजन. भाची मुंबईत नव्या बँडची गाणी बाजारात आणण्याचं काम करते. सध्या तिच्याकडे चार मुलांच्या एका पॉप-रॉक बँडचं मराठी सिंगल आहे. मुलांनी पदरमोड करून थोडे पैसे जमवले आहेत आणि ते कशावर खर्च करायचे हे तिला ठरवायचंय. त्या बोलण्यात आ-हाचा दाखला तिनंच काढला.

"मामा, याहून स्वच्छ पुरावा कुठला हवा? गाणं दोनदा पडलं. व्हिडिओ आला आणि त्यानं जग जिंकलं. म्हणजे पैसे लावायचे ते लोकांपर्यंत पोचण्यावर. गाणं तर तयारच होतं."

"तयार होतं असं तुला कुणी सांगितलं?" मामा म्हणाले. "1984 चं रेकॉर्डिंग ऐकलंयस का तू?"

तिनं ऐकलं होतं, पण एकदाच, आणि तेही लॅपटॉपच्या स्पीकरवर. मामांनी ते लावलं. पहिलं रेकॉर्डिंग टोनी मॅन्सफिल्डचं. संगणकी वाद्यांवर त्याचा हात बसलेला होता, त्यामुळे सगळं काटेकोर आणि नीटनेटकं आहे. पण ठेका जागच्या जागी पळतो आहे असं वाटतं, आणि हार्केटचा आवाज वाद्यांच्या मागे उभा राहिल्यासारखा येतो. दुसरं रेकॉर्डिंग ॲलन टार्नीचं. क्लिफ रिचर्डचं 'वुई डोन्ट टॉक एनीमोअर' लिहिणारा आणि बसवणारा हा माणूस. त्याच्या हाताखाली तीच सुरावट मोकळी झाली, ड्रमला धार आली आणि गळा पुढं आला. दोन्ही पाठोपाठ ऐकली की कुणालाही कळेल, पहिलं गाणं म्हणजे दुसऱ्याचा आराखडा आहे.

मुळात ती सुरावट त्याहून जुनी. मॅग्ने आणि पॉल पोरसवदा वयात ब्रिजेस नावाच्या बँडमध्ये होते, तेव्हाची. त्या बँडच्या मानानं ती त्यांना फारच गोड वाटली म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. पुढं हार्केटनं ऐकली. त्याला ती च्युइंग गमच्या जाहिरातीसारखी वाटली, आणि तरीही तिच्यातच गाणं आहे हे त्यानं ओळखलं. मग शब्द बदलले, नावं बदलली, कडवी आली आणि गेली. 1983 च्या सुरुवातीला तिघं लंडनला आले तेव्हा खिसे रिकामे होते. जॉन रॅटक्लिफचा रॉन्देव्हू स्टुडिओ त्यांनी निवडला, तो तिथं स्पेस इन्व्हेडर्सचं मशीन होतं म्हणून, अशी हकिगत बँडच्या चाहत्यांना पाठ असते. रॅटक्लिफला पोरं आवडली. त्यानं टेरी स्लेटर या अनुभवी माणसाला बोलावून घेतलं, आणि 1983 संपता संपता वॉर्नर ब्रदर्सशी करार झाला.

"आता हे बघ." मामांनी पांढरी सहा धरली आणि ध्रुवपद वाजवलं. "पहिले तीन सूर. मंद्र सा. तिथून थेट त्याच सप्तकातला शुद्ध नी. मग वरचा सा. सा-नी-सां. मधे पायरीच नाही. गायक एका दमात जवळपास सप्तकभर उडी मारतो आणि अगदी टोकाला येऊन अर्ध्या सुरावर थांबतो. तो नी पुऱ्या होऊ न शकलेल्या उडीसारखा टांगून राहतो, म्हणून पुढचा सा हवासा वाटतो. मग ओळीमागून ओळ वर चढत जाते आणि शेवटी तार पंचम. अडीच सप्तकं झाली ध्रुवपदातच. हे लिहायला धाडस लागतं आणि गायला हार्केट लागतो. तुझ्या त्या चार मुलांच्या ध्रुवपदात अशी एक तरी जागा आहे का?"

भाचीनं उत्तर टाळलं नाही. "नाही. पण मामा, तू एक गोष्ट वगळतोयस. टार्नीचं रेकॉर्डिंग झालं आणि लगेच गाणं चाललं असं घडलं नाही. दुसऱ्यांदा काढलं ते टार्नीचंच होतं. सा-नी-सां तेच, तार पंचम तोच. तरी पडलं. ते का?"

मामा गप्प झाले. इथं भाचीचं पारडं खरोखर जड आहे, आणि गाण्याच्या अंगभूत गुणांवर श्रद्धा असलेल्या प्रत्येकानं या दुसऱ्या पडण्यापाशी थांबायला हवं. चांगलं गाणं आज ना उद्या आपली वाट काढतंच, असं आपण सहज बोलून जातो. 1985 च्या पूर्वार्धात हे चांगलं गाणं दुकानात होतं, त्याची सात इंची तबकडी कुणीही विकत घेऊ शकत होतं, आणि ते निपचित पडून होतं.

कारणंही फारशी गूढ नाहीत. ब्रिटनची क्रमवारी तेव्हा निव्वळ विक्रीवर लागायची. विक्री व्हायची रेडिओवर ऐकून. आणि रेडिओवर गाणं लागायचं ते कंपनीची माणसं निर्मात्यांच्या दारात बसून राहिली तर. वॉर्नरच्या लंडन कार्यालयाला या तीन नॉर्वेजियन पोरांमध्ये फारसा रस नव्हता. रस होता तो अमेरिकेतल्या मंडळींना. करार घडवून आणणारा अँड्र्यू विकहॅम त्यांना सोडायला तयार नव्हता. स्लेटरनं धोशा लावला होता. त्यातून मामला वॉर्नरच्या जेफ एरॉफकडे गेला, आणि त्यानं ठरवलं की या गाण्याचा व्हिडिओ आजवर कुणी पाहिला नसेल असा व्हायला हवा.

अमेरिकेत हिशेबच वेगळा होता. बिलबोर्डच्या यादीत दुकानातली विक्री आणि रेडिओवरचं वादन दोन्ही धरलं जायचं. शिवाय 1 ऑगस्ट 1981 पासून तिथं एमटीव्ही होतं, चोवीस तास गाणी दाखवणारं. त्यांना सतत नवं काहीतरी लागायचं. एखादा व्हिडिओ त्यांनी उचलून धरला की लोक रेडिओला फोन करून तेच गाणं मागायचे, दुकानात जाऊन विचारायचे. लंडनमध्ये जे दार बंद होतं त्याला हा वळसा होता.

"म्हणजे जाहिरातच," भाची म्हणाली.

"जाहिरात? मग ती कशी केली तेही सांग की."

सांगण्यासारखं खूप आहे. 'टेक ऑन मी'ला आधी एक साधा व्हिडिओ होता: निळ्या पार्श्वभूमीवर बँड गातोय, वाजवतोय. त्यानं काहीच साधलं नाही. एरॉफनं नवं काम दिलं स्टीव्ह बॅरनला. मायकेल जॅक्सनच्या 'बिली जीन'चा दिग्दर्शक तो हाच. आणि चित्रांसाठी निवडलं मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर या जोडीला. पॅटरसननं शिकत असताना 'कम्यूटर' नावाची छोटी ॲनिमेशन फिल्म केली होती, नुसत्या पेन्सिलच्या रेघांची. एरॉफच्या डोळ्यांपुढं ती होती.

चित्रीकरण लंडनच्या वॉन्ड्सवर्थ रोडवरच्या किम्स कॅफेत. एक मुलगी, बंटी बेली, एकटीच कॉफीपुढं चित्रकथा वाचत बसली आहे. पानावर मोटरसायकलची शर्यत. चौकटीतला नायक तिला डोळा मारतो. मग कागदातून पेन्सिलनं काढलेला एक हात टेबलावर वर येतो आणि तिला बोलावतो. ती आत जाते. आत एक आरसावजा चौकट आहे. अलीकडे उभं राहिलं की माणूस हाडामांसाचा, पलीकडे गेलं की रेघांचा. दोघं त्या चौकटीभोवती फिरतात, आणि चेहरा अर्धा खरा, अर्धा गिरवलेला असा दिसत राहतो. बाहेर वेट्रेसला वाटतं, पोरगी बिल न देता पळाली. ती चिडून चित्रकथेचा बोळा करून कचऱ्यात फेकते. आत कागदाच्या भिंती चुरगळू लागतात आणि हातात पाना घेतलेले गुंड पाठीमागे लागतात. नायक कागद फाडून मुलीला बाहेर ढकलतो. ती चुरगळलेलं पान घरी नेऊन हातानं सपाट करते. शेवटी तिच्या घराच्या अरुंद बोळात तो भिंतींवर स्वतःला आपटतो. रेघ, माणूस, पुन्हा रेघ, पुन्हा माणूस. केन रसेलच्या 1980 च्या 'ऑल्टर्ड स्टेट्स' या सिनेमाच्या शेवटावरून बॅरनला ते सुचलं.

हे सगळं हातानं झालं. आधी खरं दृश्य चित्रित करायचं, मग त्याची एकेक चौकट कागदावर गिरवायची. रोटोस्कोपिंगचं हे तंत्र मॅक्स फ्लायशरनं पहिल्या महायुद्धाच्या काळात शोधलं होतं. सुमारे 3,000 चित्रं आणि 16 आठवडे. एका चित्रातली रेघ पुढच्या चित्रात नेमकी तिथंच पडत नाही, म्हणून पडद्यावर सगळा कागद थरथरत राहतो, आणि ती थरथर गाण्याच्या धावत्या ठेक्याशी घट्ट जुळते.

"चार महिने दोन माणसं बसून चित्रं काढतात," मामा म्हणाले, "आणि तू त्याला प्रसिद्धी म्हणतेस? ती गाण्याइतकीच निर्मिती आहे. टार्नीनं ऐकू येणारं गाणं पुरं केलं, यांनी दिसणारं. ज्याला तू विक्रीचा खर्च म्हणतेस, तो मी रियाजाच्या बाजूला मांडीन."

"आणि मी तुझ्याच वाक्यानं तुला अडवीन. तो व्हिडिओ विकण्यासाठीच केला होता. कंपनीनं पैसे कलेसाठी दिले नव्हते. मोठ्या कंपनीचा पैसा आणि मागून ढकलणारं चॅनेल नसतं, तर पॅटरसनची चित्रं फायलीत राहिली असती. 1986 च्या एमटीव्ही पुरस्कारांत त्याला सहा बक्षिसं मिळाली, हेही लक्षात घे. चॅनेलनं आपणच मोठं केलेलं आपणच गौरवलं."

"त्या वर्षीचा सगळ्यात मोठा पुरस्कार त्याला मिळाला नाही, बरं का. तो गेला डायर स्ट्रेट्सच्या 'मनी फॉर नथिंग'ला."

"आणि त्याचा दिग्दर्शक?"

"बॅरनच," मामांनी कबूल केलं.

भाचीनं आणखी एक दाखला पुढं केला, आणि तो मामांच्या पहिल्या मुद्द्यालाच हात घालणारा होता. बीटल्सचं 'शी लव्ह्ज यू' अमेरिकेत सप्टेंबर 1963 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्वान या छोट्या कंपनीनं काढलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढं कॅपिटॉल कंपनीनं 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'साठी जोर लावला. 9 फेब्रुवारी 1964 ला एड सलिव्हनच्या कार्यक्रमात 7 कोटींहून अधिक लोकांनी बँडला पाहिलं. आणि मार्चमध्ये तेच 'शी लव्ह्ज यू', तेच रेकॉर्डिंग, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. "इथं कुणी टार्नी आला नव्हता, मामा. एकही सूर बदलला नव्हता. बदललं ते एवढंच, की लोकांना आता हे कोण आहेत ते ठाऊक होतं."

"ठाऊक कशानं झालं? दुसऱ्या एका गाण्यानंच ना? आणि त्याची सुरुवात कॅपिटॉलच्या पैशानं झाली नव्हती. वॉशिंग्टनजवळच्या एका शाळकरी मुलीनं रेडिओला पत्र लिहिलं होतं, ही गाणी आपल्याकडे का लागत नाहीत म्हणून. निवेदकानं ब्रिटनहून तबकडी मागवून वाजवली, फोनचा पाऊस पडला आणि कॅपिटॉलला ठरलेली तारीख अलीकडे आणावी लागली. 26 डिसेंबर 1963 ला काढली त्यांनी. आधी मागणी, मग मोहीम."

भाचीचा दाखला पक्का होता, पण मामांचं उत्तर त्याहून पुढं जातं. दोन्ही हकिगतींत पैशाच्या आधी एक ऐकणारं माणूस आहे. तिथं शाळकरी मुलगी, इथं विकहॅम, स्लेटर आणि एरॉफ. दोनदा आपटलेल्या गाण्यावर तिसऱ्यांदा, आणि आधीपेक्षा जास्त खर्च करायचा, हा निर्णय कुठल्याही हिशेबाच्या वहीत बसत नाही. विक्रीचे आकडे पाहून ठरवलं असतं तर 1984 च्या अखेरीसच फाइल बंद झाली असती. आकड्यांवर विसंबून न राहता कुणीतरी कानावर विश्वास ठेवला. म्हणून ती प्रसिद्धी मोलाची. आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी नुसता गाजावाजा वाढवला नाही. पहिल्या अपयशानंतर त्यांनी गाणं पुन्हा स्टुडिओत पाठवलं आणि दुसऱ्या अपयशानंतर चित्रकाराच्या टेबलावर. प्रत्येक प्रकाशनानं गाण्यात काय कमी आहे ते दाखवून दिलं. ते पडणं वाया गेलं नाही, निर्मितीतच जमा झालं. गाणं आधी पुरं होतं आणि मग ते विकतात, असं मामा आणि भाची दोघंही आपापल्या परीनं धरून चालले होते. 'टेक ऑन मी' बाबत तसं घडलेलं नाही.

त्या यशाची किंमत मात्र बँडनं मोजली, आणि हा भाग भाचीला जास्त बोचला.

पुढचं सिंगल 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही'. त्याच्या व्हिडिओची सुरुवात आधीच्या कथेच्या पुढं होते: नायक पुन्हा रेघांचा होऊ लागतो आणि मुलीला सोडून पळून जातो. जानेवारी 1986 मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, म्हणजे 'टेक ऑन मी'ला जे जमलं नव्हतं ते त्यानं केलं. अमेरिकेत ते 20 व्या क्रमांकावर थांबलं. त्यानंतर अमेरिकेच्या लेखी आ-हा म्हणजे एका गाण्याचा बँड, तो पेन्सिलवाला. 1987 मध्ये त्यांनी जेम्स बॉन्डच्या 'द लिव्हिंग डेलाइट्स'चं शीर्षकगीत केलं. 1991 मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर 1,98,000 तिकिटं काढून लोक त्यांना ऐकायला आले; गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्याच काळात अमेरिकेत त्यांचं नाव जवळपास कुणी घेत नव्हतं.

"हे माझ्या धंद्यातलं दुखणं आहे," भाची म्हणाली. "व्हिडिओ फार चांगला झाला तर लोकांना व्हिडिओच आठवतो. ओके गो बघ. ट्रेडमिलवर नाचणारी चार माणसं. 2006 चा व्हिडिओ, एका दमात चित्रित केलेला, नाच बसवला गायकाच्या बहिणीनं. त्याला ग्रॅमी मिळालं. पण लोकांना विचार, गाणं गुणगुणून दाखवा म्हणून. ट्रेडमिल सांगतील, चाल सांगणार नाहीत."

"मग तू माझ्या बाजूला आलीस."

"नाही आले. त्याच बँडचं पुढचं ऐक. 2010 मध्ये त्यांच्या कंपनीनं, ईएमआयनं, यूट्यूबवरचा व्हिडिओ इतरांना आपल्या पानावर लावू देणं बंद केलं. पैसे सुटायला नकोत म्हणून. व्हिडिओ बघणारे धडाधड घटले. गायक डेमियन कुलाशनं न्यू यॉर्क टाइम्समध्ये जाहीर लेख लिहून कंपनीला सुनावलं, आणि काही आठवड्यांतच बँड ईएमआय सोडून स्वतःची कंपनी काढून मोकळा झाला. पुढं त्यांचे व्हिडिओ विमा कंपनीच्या, मोटार कंपनीच्या पैशातून निघाले आणि त्यावर बँड उभा राहिला. म्हणजे नुसत्या व्हिडिओंवर चार घरं चालली. तू मला सांग, त्यांनी ते करायला नको होतं का?"

मामांनी नाही म्हटलं नाही. पोट भरणाऱ्या वादकाची कदर करणारा तो माणूस. लग्नाच्या वरातीत वाजवून स्टुडिओचं भाडं भरणारे कलावंत त्यांनी जवळून पाहिलेत. पण ते म्हणाले, "आ-हा आणि यांच्यात फरक आहे. व्हिडिओ काढून घेतला तर काय उरतं, हा प्रश्न विचार. आ-हाच्या बाबतीत आपल्याकडे उत्तर आहे."

ते उत्तर 2017 चं. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या गिस्के बेटावर एमटीव्हीच्या अनप्लग्ड मालिकेसाठी बँडनं आपली जुनी गाणी वाजवली. 'टेक ऑन मी'मधली ती प्रसिद्ध सुरावट सिंथेसायझरवर आलीच नाही. ठेका उतरला, लय निम्म्याच्या आसपास आली. हार्केट तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होता. 1985 मध्ये सा-नी-सां ही उडी होती, पोरसवदा उत्साहाची. इथं तो नी इतका वेळ टांगून राहतो की वरचा सा येईल की नाही याची खात्री वाटेनाशी होते. ऐकणाऱ्याला पहिल्यांदाच कळतं की हे गाणं आर्जवाचं आहे, आणि समोरचं माणूस हो म्हणेल याचा भरवसा गाणाऱ्यालाही नाही. पेन्सिल नाही, मोटरसायकल नाही, कॅफे नाही, आणि गाणं आधीपेक्षा जवळ आलेलं.

"पण लोकांनी हे ऐकलं कुठं?" भाचीनं विचारलं. "'डेडपूल 2'मध्ये वाजलं म्हणून. एमटीव्हीच्या शिक्क्याखाली रेकॉर्ड झालं म्हणून. फेब्रुवारी 2020 मध्ये यूट्यूबवर 100 कोटींचा आकडा गाठला तो या रूपानं नाही, त्या पेन्सिलच्या व्हिडिओनंच."

दोघांचंही खरं आहे. 35 वर्षांनी 100 कोटी वेळा पाहिलं जाणं हे कुठल्याही मोहिमेच्या आवाक्याबाहेरचं आहे; मोहीम इतकी वर्षं चालत नाही. पण त्या 100 कोटींतल्या पुष्कळांना अंगठा थांबवायला लावला तो कागदातून वर आलेल्या हातानंच.

शेवटी गाडी भाचीच्या सिंगलवर आली. आजची रीत तिनं सांगितली. 10 जुलै 2015 पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी निघतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान आठवडाभर आधी पाठवावं लागतं. ऐकणाऱ्यानं 30 सेकंद धीर धरला तर एक वादन मोजलं जातं, म्हणून हल्ली पहिल्या काही सेकंदांतच ध्रुवपद आणून टाकतात. रीलसाठी पंधरा सेकंदांचा तुकडा वेगळा काढायचा. शुक्रवारी निघालेलं गाणं सोमवारपर्यंत हललं नाही तर पुढच्या गाण्याच्या तयारीला लागायचं. मुलांचे पैसे एका व्हिडिओत आणि पहिल्या तीन दिवसांच्या जाहिरातीत घालायचे, असा तिचा बेत होता.

"आणि ते हललं नाही तर?"

"तर पैसे संपलेले असतील."

"मग दुसऱ्यांदा कशावर काढणार?"

या प्रश्नापाशी ती पहिल्यांदाच थांबली, आणि तिनं थांबावं असंच तो प्रश्न सांगतो. आ-हाकडे वॉर्नर होती. चार मराठी मुलांकडे वॉर्नर नाही. पण दुसरी संधी कंपनीनंच द्यावी असं कुठं आहे? आता तबकड्या छापायच्या नाहीत, गोदामातून परत आलेला माल नाही. पडलेलं गाणं दुरुस्त करून पुन्हा काढायला 1985 मध्ये एका कंपनीची मर्जी लागायची, आज फक्त राखून ठेवलेले थोडे पैसे लागतात. आणि तरी आज गाण्याला एक शुक्रवार मिळतो, तेव्हा वर्षभर मिळालं. हे बदलणं कुणाच्या हातात असेल तर ते भाचीसारख्या माणसांच्या.

तिनं वहीत आकडे पुन्हा मांडले. निम्मे पैसे आता, निम्मे राखून. आधी एक साधं रूप काढायचं, गाजावाजा न करता. मुलांनी ते पाच-सहा ठिकाणी लोकांसमोर वाजवायचं. लोक कुठं मान डोलावतात आणि कुठं मोबाइल काढतात ते बघायचं. मग लागलं तर पुन्हा रेकॉर्ड करायचं आणि व्हिडिओ त्यानंतर. मामांना हे पटलं, पण साध्या रूपाच्या आधीच ध्रुवपद बदला असा त्यांचा आग्रह होता. "त्यात उडी नाही. जिन्यानं चढल्यासारखं चढतं ते."

"ते मुलांना ठरवू दे. ॲलन टार्नी नंतर आला, मामा. पहिल्यांदा काढलं ते त्यांच्या मनासारखंच काढू दे."

व्हिडिओचं काम कुणाला द्यायचं यावर मात्र एकमत झालं नाही. भाचीच्या यादीत चांगली नावाजलेली माणसं होती. मामा म्हणत होते, जे. जे. किंवा अभिनवमध्ये शिकणारं कुणीतरी शोध, ज्याची एखादी विद्यार्थीदशेतली फिल्म अजून कुणी पाहिलेली नाही. तिनं दोन्ही पर्याय लिहून ठेवले आणि बँडच्या गायकाला फोन लावला, प्रकाशनाची तारीख पुढं ढकलायची आहे हे सांगायला.